रक्त परतल्यानंतरचे चार दिवस

वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्राच्या तासाला आम्हां विद्यार्थ्यांकडून एक आकडा पाठ करवून घेण्यात आला होता. मेंदूचा रक्तपुरवठा पूर्णपणे थांबला, तर चार ते पाच मिनिटांत त्याची कायमची हानी होते. परीक्षेत हा प्रश्न हमखास येई आणि आम्ही त्याचे उत्तर हमखास बरोबर लिहीत असू. पुढे व्यवसायात पडल्यावरही कित्येक वर्षे माझ्या मनात या आकड्याचे चित्र विजेच्या बटणासारखे होते. मुदतीच्या आत रक्त परतले तर दिवा पुन्हा लागला. उशिरा परतले तर दिवा गेला. हे चित्र किती अपुरे आहे, याची जाणीव मला एका रुग्णाच्या पत्नीने करून दिली. पुस्तके मी त्यानंतर उघडली.

गृहस्थ साठीच्या आतले, आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाचा जमाखर्च वर्षानुवर्षे चोख ठेवणारे. एका लग्नाच्या पंगतीत बसले असता त्यांची हृदयक्रिया एकाएकी बंद पडली. दैवयोगाने समोरच्याच पंगतीत एक तरुण भूलतज्ज्ञ जेवत होते. हात धुण्याचीही वाट न पाहता त्यांनी छातीवर दाब देण्यास सुरुवात केली. रुग्णालयात विजेचा झटका देऊन हृदय पुन्हा चालू झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुग्णाने डोळे उघडले, पत्नीला ओळखले, हातपाय हलविले. मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये काहीही दोष नव्हता. त्यांचा कौटुंबिक डॉक्टर या नात्याने मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “वहिनी, आता काळजी सोडा. मेंदू पूर्ण वाचला आहे.”

दीड महिन्याने वहिनी एकट्याच दवाखान्यात आल्या. म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही म्हणालात ते खरंच आहे, यांना सगळं कळतं. पण सकाळचं वर्तमानपत्र दुपारी पुन्हा तितक्याच नवलाईनं वाचतात. मागच्या पंधरवड्यात यांची थोरली बहीण गेली. ते मला तीनदा सांगावं लागलं. तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले.”

त्यांना मी काय उत्तर दिले ते आज स्मरत नाही. समाधानकारक नसावे. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचनात आले, ते व्यवसायबंधूंपुढे आणि मंडळाच्या इतर वाचकांपुढे मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम मेंदूच्या प्रपंचाविषयी. सुमारे चौदाशे ग्रॅम वजनाचा, शरीराचा अवघा दोन टक्के हिस्सा असलेला हा अवयव विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराच्या एकूण प्राणवायूपैकी जवळजवळ पाचवा भाग वापरतो. १९४० च्या दशकात फिलाडेल्फिया येथे सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी नायट्रस ऑक्साइड श्वासावाटे देऊन जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तप्रवाह प्रथमच विश्वसनीय रीतीने मोजला. तो दर शंभर ग्रॅमला मिनिटाला पन्नास मिलिलिटरच्या आसपास भरतो. एवढा मोठा खर्च असलेल्या घरात कोठार मात्र जवळजवळ रिकामे असते. यकृताजवळ आणि स्नायूंजवळ ग्लायकोजेनची साठवण असते. मेंदूजवळ ती नावापुरती. प्राणवायूचा साठा तर काही सेकंदांचा. मेंदूचे अक्षरशः हातावर पोट आहे.

हा साठा किती सेकंदांचा, हे १९४३ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे रॉसेन, कॅबॅट आणि अँडरसन यांनी माणसांवर प्रयोग करून दाखविले. मानेभोवती हवेचा पट्टा क्षणार्धात फुगवून मेंदूकडे जाणारे रक्त थांबवायचे आणि घड्याळ पाहायचे, असा तो प्रयोग. पाच ते दहा सेकंदांत शुद्ध हरपत असे. प्रयोगात तरुण स्वयंसेवकांबरोबर काही मनोरुग्णही होते, हे वाचून आज अंगावर काटा येतो. कोणतीही नीतिसमिती आता याला परवानगी देणार नाही. पण एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. पट्टा सोडल्यावर ही माणसे शुद्धीवर आली. म्हणजे शुद्ध हरपणे आणि पेशी मरणे या दोन घटनांमध्ये बरेच अंतर आहे. ऊर्जा संपूर्ण संपण्यापूर्वीच मेंदू आपले कामकाज बंद करतो.

त्यानंतर आत काय घडते? १९६४ मध्ये ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतील रसायने रक्तप्रवाह थांबल्यापासून सेकंदासेकंदाने मोजली. मेंदू अतिशीत द्रवात गोठवून त्या त्या क्षणाची स्थिती जणू छायाचित्रासारखी धरून ठेवण्याची त्यांची युक्ती होती. पहिल्या मिनिटातच फॉस्फोक्रिएटिन हा राखीव साठा बहुतांशी खर्ची पडतो. एटीपी हे पेशीचे रोखीचे चलन त्यापाठोपाठ आटते. प्राणवायूविना ग्लुकोज जाळून मिळणारे उत्पन्न अगदीच तुटपुंजे: प्राणवायू असताना एका रेणूमागे एटीपीचे तीसच्या आसपास रेणू मिळतात, त्याविना केवळ दोन. वर लॅक्टिक आम्ल साचते ते वेगळेच.

या आम्लावरून एक व्यावहारिक गोष्ट आठवते. १९७० च्या दशकात रोनाल्ड मायर्स यांना माकडांवरील प्रयोगांत असे आढळले की हृदयक्रिया थांबण्यापूर्वी ज्यांना ग्लुकोज दिले होते, त्यांच्या मेंदूची हानी उपाशी माकडांपेक्षा अधिक होती. इंधन जास्त, म्हणून आम्लही जास्त. बेशुद्ध माणूस दिसला की ग्लुकोजची बाटली लावायची, ही आपल्याकडची एके काळची सरसकट रीत किती घातक ठरू शकते, ते यावरून ध्यानात यावे. अर्थात रक्तातील साखर खाली गेली असेल, तर तीच बाटली संजीवनी आहे. म्हणून आधी बोटाच्या थेंबावर साखर तपासावी, मग बाटलीकडे हात न्यावा.

एटीपी आटले की पहिला फटका सोडियम आणि पोटॅशियम यांची ने-आण करणाऱ्या पंपाला बसतो. चेतापेशीच्या ऊर्जेचा निम्म्याहून अधिक खर्च या ने-आणीवरच होत असतो. मिनिटा-दोन मिनिटांत पंप थकतो, पोटॅशियम बाहेर फुटते, सोडियम आणि पाणी आत शिरते. कॅल्शियमचे तर विचारूच नये. निरोगी पेशीच्या बाहेर ते आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. बांध फुटल्यावर ते आत लोटते. त्याच वेळी पेशींच्या टोकांतून ग्लुटामेट सांडते. एरवी हा निरोप्या असतो. आता तो इतक्या प्रमाणात सांडतो की शेजारच्या पेशींनाही उत्तेजित करून करून मारतो. ग्लुटामेटचा हा मारक गुण १९६९ साली जॉन ओल्नी यांनी नवजात उंदरांना मोनोसोडियम ग्लुटामेट टोचून दाखवून दिला. बाजारात अजिनोमोटो म्हणतात तेच हे. (यावरून चायनीजच्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढण्याचे कारण नाही, नवजात उंदराला टोचणे आणि माणसाने नूडल्स खाणे यांत फरक आहे.)

येथवर चार मिनिटांचा तो जुना आकडा शहाणपणाचाच वाटतो. गोंधळ सुरू होतो तो रक्त परतल्यावर.

१९७० साली जर्मनीतील कॉन्स्टंटिन होसमान आणि त्यांच्या सहकाऱ्याने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. मांजरांच्या मेंदूचा रक्तप्रवाह दीर्घ काळ पूर्ण थांबवूनही तो नीट, पुरेशा दाबाने परत आणला, तर काही प्राण्यांमध्ये विद्युत्‌क्रिया पुन्हा दिसू लागते, असे त्यांना आढळले. १९७३ मध्ये त्यांनी माकडांसह केलेल्या कामात तर थांबण्याचा काळ तब्बल एक तासाचा होता, आणि तरीही काहींचे चयापचय सावरले. चार मिनिटांच्या आकड्यावर वाढलेल्या पिढीला हे पचणे अवघड गेले. दोन वर्षे आधी, १९६८ मध्ये, अॅडेल्बर्ट एम्स यांनी सशांवरील प्रयोगांत दुसरी एक अडचण पुढे आणली होती. मुख्य रक्तवाहिनी मोकळी केली, तरी मेंदूच्या सूक्ष्म केशवाहिन्यांत रक्त जागोजागी शिरतच नाही. म्हणजे आपण ‘प्रवाह परतला’ असे म्हणतो तेव्हा तो कितपत परतला आहे, हाही प्रश्नच असतो. प्रारंभी काही मिनिटे प्रवाहाला भरते येते, नंतर कित्येक तास तो नेहमीपेक्षा मंद राहतो.

असे असेल तर एक तास सोसणारा मेंदू पाच मिनिटांत कसा दगावतो? याचे उत्तर जपानमधील ताकाआकी किरिनो यांच्या १९८२ च्या निबंधात मिळते. माझ्या मते या विषयातील हा सर्वांत विलक्षण निबंध आहे. जर्बिल नावाचा उंदरासारखा एक वाळवंटी प्राणी आहे. मेंदूच्या तळाशी पुढच्या आणि मागच्या रक्तवाहिन्यांना जोडणारा जो दुवा आपल्याला असतो, तो त्याला सहसा नसतो. त्यामुळे मानेतील दोन धमन्या चिमटल्या की पुढच्या मेंदूचा पुरवठा बंद. किरिनोंनी पाच मिनिटे चिमटा लावला आणि काढला. प्राणी उठले, हिंडू-फिरू लागले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर चेतापेशी जवळजवळ निर्दोष. चौथ्या दिवशी पाहिले तर हिप्पोकॅम्पस या भागातील सीए-१ नावाच्या पट्ट्यातील बहुतेक सर्व पेशी मेलेल्या. शेजारचे पट्टे मात्र शाबूत.

या गोष्टीवर जरा थांबले पाहिजे. मधल्या काळात त्या पेशींना रक्त मिळत होते, ग्लुकोज मिळत होते, प्राणवायू मिळत होता. त्यांचे एटीपी चिमटा काढल्यानंतर थोड्याच वेळात पूर्वपदावर आले होते. चयापचयाच्या कोणत्याही ढोबळ मापाने त्या ‘बऱ्या’ झाल्या होत्या. तरीही त्या मरणार हे ठरून गेले होते. कारणांचा छडा अजूनही पुरता लागलेला नाही. पण काही धागे हाती आहेत. रक्त परतते तेव्हा प्राणवायूबरोबर मुक्त कणांचा लोंढा उसळतो. आत कोंडलेले कॅल्शियम तंतुकणिकांत साठत जाते आणि त्याच तर पेशीच्या चुली. सर्वांत सूचक गोष्ट प्रथिननिर्मितीची आहे. रक्त थांबले की ती सगळीकडेच बंद पडते. ती मेंदूच्या इतर भागांत काही तासांत पुन्हा सुरू होते; सीए-१ मध्ये ती पुन्हा सुरू होतच नाही. चूल पेटली आहे, पण घरातील मोडतोड दुरुस्त करणारा कोणी उरलेला नाही, अशा घरासारखी ती पेशी दोन-तीन दिवस उभी राहते.

जर्बिलचे जाऊ द्या, माणसाचे काय, असे कोणी विचारील. १९८७ मध्ये कॅरोल पेटिटो आणि सहकाऱ्यांनी हृदयक्रिया बंद पडून पुन्हा चालू झालेल्या व नंतर दगावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. काही तासांतच दगावलेल्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये हानी थोडी होती, एक दिवसाहून अधिक जगलेल्यांत ती तीव्र होती. जास्त जगला त्याची हानी जास्त, हे वरवर उलटे वाटते. परंतु किरिनोंचे चार दिवस ध्यानात घेतले की उलगडा होतो.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९८६ मध्ये, कॅलिफोर्नियातील झोला-मॉर्गन, स्क्वायर आणि अमाराल यांनी ‘आर. बी.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली होती. १९७८ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत त्याच्या मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ अपुरा पडला. तो वाचला. बुद्धी, भाषा, स्वभाव सर्व जागच्या जागी. परंतु नवे काही त्याच्या स्मरणात टिकेना. पाच वर्षांनी तो वारला, तेव्हा त्याचा मेंदू बारकाईने तपासण्यात आला. दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसमधील सीए-१ पट्टा संपूर्ण लांबीभर नष्ट झाला होता. इतरत्र त्याच्या स्मृतिदोषाला जबाबदार धरावे असे फारसे काही नव्हते.

हा निबंध वाचताना मला आमचे जमाखर्चवाले गृहस्थ दिसत होते. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नेमके काय झाले, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तशी तपासणी झालेली नाही. परंतु दुसऱ्या दिवशीच्या निर्दोष स्कॅनवर विसंबून मी जे आश्वासन दिले, त्याला शास्त्राचा आधार नव्हता. ज्या वेळी मी ‘मेंदू पूर्ण वाचला’ असे म्हणत होतो, त्या वेळी कदाचित त्यांच्या काही पेशींचे ते चार दिवस चालू असतील.

या चार दिवसांचा दुसरा अर्थही निघतो आणि तो आशेचा आहे. पेशी लगेच मरत नसेल, तर मधल्या काळात तिला वाचविता येईल. या आशेने शेकडो औषधे तपासली गेली. एका औषधाची कथा सांगण्यासारखी आहे. एमके-८०१ नावाचे ग्लुटामेटरोधक द्रव्य जर्बिलच्या पेशी वाचविते, असा बराच बोलबाला झाला. १९९० मध्ये ब्यूकन आणि पुल्सिनेली यांनी दाखविले की त्या औषधाने प्राण्यांचे तापमान उतरत होते. प्राणी उबदार ठेवले, तर औषधाचा गुण नाहीसा. वाचवीत होता तो गारवा! त्यापूर्वी तीनच वर्षे बुस्टो आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या तापमानातील दोन-तीन अंशांचा फरकही हानी कमी-अधिक करतो, हे सिद्ध केले होते.

गारव्याचा हा धागा धरून २००२ मध्ये युरोप व ऑस्ट्रेलियातील दोन चाचण्यांत, हृदयक्रिया पुनः सुरू झालेल्या बेशुद्ध रुग्णांना ३२ ते ३४ अंशांपर्यंत थंड ठेवल्यास निष्पत्ती सुधारते, असे आढळले. जगभर थंडाव्याची यंत्रे आली. मग २०१३ मध्ये एका मोठ्या चाचणीत ३३ आणि ३६ अंश यांत फरक आढळला नाही. आणि २०२१ मध्ये त्याच गटाच्या आणखी मोठ्या चाचणीत ३३ अंशांपर्यंत थंड करणे हे केवळ ताप येऊ न देण्यापेक्षा सरस ठरले नाही. आपल्या दृष्टीने तर २०२१ चीच ‘हेलिक्स’ चाचणी अधिक महत्त्वाची. जन्मतः गुदमरलेल्या बालकांना थंड ठेवण्याचा उपचार पाश्चात्त्य देशांत मान्य झाला होता. तो भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील ४०८ बालकांवर काळजीपूर्वक तपासला असता लाभ झाला नाही. उलट थंड ठेवलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण ४२ टक्के आणि दुसऱ्या गटात ३१ टक्के निघाले. परक्या मुलुखातील उपचार जसाच्या तसा उचलण्यापूर्वी इथल्या बाळांवर तो पारखून घेणाऱ्या त्या संशोधकांचे आपण आभारच मानले पाहिजेत.

मग लहान गावातील डॉक्टरच्या हाती उरते काय? बरेच काही. ताप येऊ न देणे, रक्तदाब घसरू न देणे, साखर फार वर वा खाली जाऊ न देणे, झटके ओळखून थांबविणे, प्राणवायू पुरेसा देणे पण त्याचाही अतिरेक टाळणे. यांतील एकाही गोष्टीला परदेशी यंत्र लागत नाही. लागते ते रात्री तीन वाजता उठून रुग्णाचा तक्ता पाहणे. आणि सर्वांच्या आधी, कोसळलेल्या माणसाच्या छातीवर दाब देणारे दोन हात. कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी १९६० मध्ये ही रीत प्रसिद्ध केली. त्या पंगतीतील तरुण भूलतज्ज्ञाने खरकट्या हाताने केले ते हेच. आपल्या मंडळाच्या प्रत्येक सभागृहात, ढोल-ताशाच्या पथकात आणि भजनी मंडळात निदान चार जणांना हे शिकविले पाहिजे, असे मला फार वाटते. त्याला एक दुपार पुरते.

राहता राहिला प्रश्न नातेवाइकांशी बोलण्याचा. माझी चूक घाईच्या आश्वासनाची होती. उलट चूकही तितकीच घडते: चोवीस तासांत शुद्ध आली नाही की ‘आता काही उरले नाही, घरी न्या’. हे वाक्य उच्चारले की उपचार सैल होतात, आणि मग ते वाक्य खरे ठरते. तापमान पूर्ववत झाल्यावर, गुंगीच्या औषधांचा अंमल ओसरल्यावर, निदान ७२ तास उलटल्याखेरीज आणि एकाहून अधिक तपासण्यांचा मेळ घातल्याखेरीज भवितव्याविषयी निर्णायक बोलू नये, असे आजचे युरोपीय मार्गदर्शक संकेत आहेत. मी आता पहिल्या दिवशी एवढेच सांगतो: “हृदय चालू झाले आहे. मेंदूविषयी तीन-चार दिवस मी काहीही सांगणार नाही, आणि दुसऱ्या कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.” लोकांना हे आवडत नाही. परंतु पटते. शुद्धीवर येऊन घरी गेलेल्या रुग्णाला महिन्याभराने पत्नीसह बोलावून, न्याहारीला काय खाल्ले, कोण भेटून गेले, असे साधे प्रश्न विचारतो. ‘कसे वाटते?’ या प्रश्नाला असा रुग्ण ‘उत्तम’ म्हणतो. विसरतो हेच तो विसरलेला असतो.

वहिनींना हे सर्व मी यथावकाश समजावून सांगितले. गेलेले परत आणण्याचा उपाय माझ्यापाशी नव्हता. पण जुनी सवय शाबूत होती, तिचा उपयोग झाला. त्या गृहस्थांनी आयुष्यभर मंडळाची कीर्द लिहिली होती. तशीच एक लाल कापडी बांधणीची वही आणून वहिनींनी त्यांच्यापुढे ठेवली, आणि ते आपल्या दिवसाची कीर्द लिहू लागले. चहा घेतला, अमुक भेटून गेला, विजेचे बिल भरले. दर दोन तासांनी नोंद, खाली सही. रोज सकाळी उठल्यावर पहिले पान उघडायचे, असा नेम वहिनींनी लावून दिला. त्या पानावर, त्यांच्याच सुबक अक्षरांत, बहीण गेल्याची तारीख आणि तिच्या मुलांचे पत्ते लिहिलेले होते.